डावखुरा नायक

वडील डहाणू रोड स्टेशनात बुकिंग क्लार्क होते. मी डावखुरी. वडील माझी पेन्सिल उजव्या हातात द्यायचे, तेव्हा आई विवळवेढ्याच्या जत्रेत तंबूत पाहिलेल्या एका विनोदी संगीतपटाचा दाखला द्यायची. त्यातला नायक डाव्या हाताने प्रेमपत्रं लिहायचा आणि तरी त्याचं लग्न जमलं होतं. वडिलांनीही तो पाहिला होता. त्यांना नायक डावखुरा आठवत नव्हता, तरी ते पेन्सिल माझ्या डाव्या हातात राहू देत.

त्या जत्रेनंतर आठ वर्षांनी तीच गोष्ट रंगीत होऊन थिएटरात आली आणि आम्ही तिघं पाहायला गेलो. गाणी वाढली होती, विनोद कमी झाले होते आणि नायक सगळी पत्रं उजव्या हाताने लिहीत होता.

घरी येताना वडील म्हणाले, "पाहिलंस? सोमवारपासून पोरगी उजव्या हाताने लिहील."

"हा नकली. मूळचा डावखुराच होता. आम्ही सगळ्या बायकांनी पाहिलाय."

वडील रस्त्यातच थांबले. तंबूत पडदा मधोमध असे. पुरुष प्रोजेक्टरच्या बाजूला बसत आणि बायका पडद्यामागे.

"सुरुवातीची नावं वाचता आली होती तुला?"

"कशी येणार? गुजरातीत होती. नायिकेचा पदरही गुजराती बायकांसारखा उजव्या खांद्यावर होता."

"अगं, सिनेमा हिंदी होता. तू उलट्या बाजूने पाहिलास!"

आई म्हणाली, "आम्ही शंभर बायका काय उलट्या बसणार? उलटे तुम्ही बसला असाल."

सोमवारी मी डाव्या हाताने लिहीत असताना वडिलांनी माझी वही पाहिली. अक्षर जरा मोठं काढ, एवढंच ते म्हणाले.