घोड्याखालची माणसं

टेक्ससची सपाट जमीन संपून न्यू मेक्सिको लागलं, तेव्हा हमीदकाकांनी गाडीची काच खाली केली आणि बराच वेळ हात बाहेर धरून बसले. प्लेनोहून आम्ही पहाटे निघालो होतो. माझ्या नवऱ्याचं, विवेकचं, ऐनवेळी ऑफिसचं काहीतरी निघालं आणि त्यानं कॅन्सल केलं. त्यामुळे एवढं लांब ड्राइव्ह करणं माझ्यावर आलं. काका म्हणाले होते, "राहू दे की, पुढच्या वर्षी जाऊ." पण ऐंशीच्या घरातल्या माणसानं पुढच्या वर्षाचं नाव काढलं की मला भीती वाटते.

हमीदकाका मूळचे मिरजेचे. पूल बांधणारे इंजिनिअर. सगळी नोकरी टेक्ससात झाली, तरी बोलणं अजून मिरजेचंच. माझ्या पहिल्या बाळंतपणाला आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा त्यांच्या बायकोनं, जुबेदाकाकूंनी, मला शेपा-बाळंतशोपा चावायला लावण्यापासून सगळं केलं. त्या गेल्या दोन वर्षांपूर्वी. त्याआधी दोघं स्पेनला जाऊन आले होते. तिथल्या एका चर्चमध्ये पांढऱ्या घोड्यावर बसलेल्या संताचा पुतळा होता आणि घोड्याच्या टापांखाली फेटेवाली माणसं पडलेली. "काकूनं विचारलं, खाली पडलेली माणसं कोण," काका मला सांगत होते. "गाइडनं स्वाराचीच माहिती दिली. तिनं परत विचारलं. त्यानं परत स्वाराचीच दिली."

त्या स्वाराची गोष्ट अशी. मध्ययुगात स्पेनचा मोठा भाग मुसलमान राजांच्या, म्हणजे तिकडे ज्यांना मूर म्हणत त्यांच्या ताब्यात होता, आणि उत्तरेचे ख्रिश्चन राजे तो परत घेण्यासाठी शतकानुशतकं लढत होते. क्लाविहो नावाच्या गावाजवळ असाच एक राजा हरायच्या बेतात आला. त्याच्या स्वप्नात सांतियागो, म्हणजे येशूचा एक शिष्य, आला आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या घोड्यावर बसून स्वतः रणात उतरला. त्यानं इतके मूर कापले, की त्याचं नाव 'मातामोरोस' (मूरांना मारणारा) पडलं. इतिहासकार म्हणतात, ही लढाई बहुधा झालीच नाही. पण स्पॅनिश सैनिक ती गोष्ट बरोबर घेऊन समुद्र ओलांडून अमेरिकेत आले. त्याच संताच्या नावाची आरोळी ठोकत त्यांनी इथल्या मूळ रहिवाशांवर हल्ले केले, आणि त्याच काळात घोड्यांवर बसून मूर-ख्रिश्चनांच्या लढाईचं नाटकही केलं. उत्तर न्यू मेक्सिकोत संताच्या सणाला, जुलैच्या अखेरीस, ते अजून होतं. काकांना ते बघायचं होतं.

गाव डोंगराच्या पोटाशी होतं. वरचे उतार वणव्यानं काळे पडलेले, जळके बुंधे तसेच उभे. खाली 'आसेकिया' (शेतांना पाणी देणारा मातीचा पाट), पण त्यात पाणी नव्हतं. मातीच्या विटांच्या घरांपैकी दोन-तीन बंदच दिसली. आम्ही ज्यांच्याकडे खोल्या घेतल्या होत्या ते रामोन आणि त्यांची बायको दोलोरेस, दोघंही सत्तरीचे. दारातच दोलोरेसनं काकांच्या हातातली बॅग घेतली. बैठकीच्या खोलीत उद्याचे अंगरखे टांगलेले होते, लाल आणि हिरवे. हिरव्यांवर चंद्रकोर शिवलेली.

"हे सगळं तुम्ही शिवता?" मी विचारलं.

"माझ्या सासूनं शिवले. मी दुरुस्त करते," ती म्हणाली.

शेजारी सैनिकी पोशाखातल्या एका तरुणाचा फोटो होता. त्याच्यापुढे मेणबत्ती.

संध्याकाळी तिनं 'पोसोले' (फुललेल्या मक्याचा मांस घालून केलेला रस्सा) वाढला. काकांनी हलक्या आवाजात विचारलं, "यात पोर्क आहे का?"

"हो. पोर्कशिवाय पोसोले कसं होईल?"

"मग मला नुसती भाकरी चालेल. आम्ही खात नाही."

दोलोरेसनं माझ्या ताटाकडे पाहिलं, मी खात होते. मग त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही मुसलमान आहात?"

"हो."

ती उठली. आत अंडी फोडल्याचा आवाज आला. घेवडा आणि अंडी आणून तिनं काकांपुढे ठेवली, पण बसली नाही. "तो माझा मुलगा, गाब्रिएल," फोटोकडे न बघता ती म्हणाली. "इराकच्या युद्धात मारला गेला. सैन्याची माणसं दारात आली, तेव्हा मी हेच अंगरखे इस्त्री करत होते. तुम्हाला खायला घालीन. पण तुमच्याबरोबर एका टेबलावर बसणं मला जमणार नाही. माफ करा."

रामोन ताटातच बघत होते. काकांनी चमचा खाली ठेवला, मग परत उचलला आणि सगळं संपवलं. नंतर मी त्यांना म्हटलं, "काका, आपण निघू या. सांता फे शहरात हॉटेल मिळेल." ते म्हणाले, "तिनं मुलगा गेलेला असताना माझ्यासाठी चूल पेटवली. आता उठून गेलो, तर तिच्या तोंडावर ताट टाकल्यासारखं होईल."

सकाळी आधी चर्च पाहिलं. वेदीजवळ सांतियागोची लाकडी मूर्ती होती, हातभर उंचीची. घोडा खेळण्यातल्यासारखा गुबगुबीत, आणि त्याखाली तीन मुंडकी. एकाचं नाक भाविकांच्या बोटांनी झिजून गेलेलं. काका वाकून कितीतरी वेळ ते झिजलेलं तोंड बघत होते.

परत आलो तर रामोन अंगणात घोड्याला खरारा करत होते. "नाटकात मी सुलतानाचं काम करतो," ते आपणहून म्हणाले. "आधी ख्रिश्चनांचा कप्तान असायचो. गाब्रिएल सांतियागो व्हायचा. पांढरा घोडा आमचाच होता."

"मग बदललं कशानं?" काकांनी विचारलं.

रामोननी खरारा थांबवला नाही. "त्यानं तिकडून फोन केला होता. म्हणाला, 'आम्ही चुकून भलत्याच घरात शिरलो. लोक जेवत होते. घरातला बाप उठला, आणि मी गोळी झाडली. त्याच्या हातात भाकरी होती, बाबा.' एवढंच बोलला. पुढे थोड्याच दिवसांत रस्त्यातल्या बॉम्बनं त्याची गाडी उडाली." ते घोड्याच्या पलीकडे गेले. "कप्तानाला एक वाक्य आहे, 'एकालाही जिवंत सोडू नका.' लहानपणापासून पाठ. पुढच्या सणाला मला ते म्हणता येईना. सुलतानाचं काम कुणालाच नको असतं, ते मी मागून घेतलं."

"बाईंना माहीत आहे, फोनचं?"

"माहीत आहे. ती म्हणते, गाब्रिएल असं करणं शक्य नाही."

काकांनी विचारलं, "त्या घरातल्या मुलांचं पुढे काय झालं?"

"कोण सांगणार?" रामोन म्हणाले. "मी कुणाला विचारू?"

नाटक चर्चमागच्या मोकळ्या रानात होतं. शे-दोनशे माणसं, घडीच्या खुर्च्या, छत्र्या. मूर येतात, पहारेकऱ्याला दारू पाजतात आणि क्रूस पळवून नेतात. "दारूचं काम बरं आमच्याकडे दिलंय," काका माझ्या कानात म्हणाले. त्या दिवसात एवढंच ते हसले. मग घोडे एकमेकांवर धावले. लाकडी तलवारी खणाखणा वाजण्याऐवजी टकटक वाजत होत्या, पण धूळ खरी होती आणि घोड्यांचं फुरफुरणंही खरं. पांढऱ्या घोड्यावरचा संत आला तेव्हा लोक उभे राहिले. मूर एकेक करून उतरले, पडले.

शेवटी सुलतान तलवार कप्तानाच्या घोड्यापुढे ठेवतो, गुडघे टेकतो आणि म्हणतो की तुमचाच देव खरा. रामोननी तलवार ठेवली. गुडघे टेकले. आणि गप्प राहिले.

मला वाटलं, विसरले. पुढच्या खुर्चीतल्या माणसानं वाक्य सुचवलं. परत मोठ्यानं सुचवलं. कप्तान झालेला तरुण घोड्यावरून खाली वाकून काहीतरी पुटपुटला. रामोन मान खाली घालून तसेच. अखेर माइकवाल्यानंच ते वाक्य वाचून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, "विवा सांतियागो" (सांतियागोचा विजय असो) असा गजर झाला, आणि घोडे रांगेनं निघून गेले.

रामोनना उठता येत नव्हतं. काका खुर्चीचा आधार घेऊन उभे राहिले, पण त्यांच्याआधी दोलोरेस मैदानात पोचली होती. तिनं नवऱ्याला काखेत हात घालून उठवलं आणि त्याच्या हिरव्या अंगरख्यावरची धूळ झटकायला लागली. धूळ गेली तरी झटकतच राहिली, जोरजोरात, पाठीवर, छातीवर. मारल्यासारखी. रामोननी तिला थांबवलं नाही. सुलतान चुकला असं वाटून आमच्या मागची माणसं हसत होती.

निघताना तिनं कागदात गुंडाळलेलं खाणं काकांच्या हातात दिलं. "पोर्क नाही," म्हणाली.

"बाई, तुमची हरकत नसेल, तर नमाज पढताना तुमच्या मुलासाठी दुवा मागेन," काका म्हणाले.

ती विचार करत होती, हे दिसत होतं. "नको," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली. गाडीत बसल्यावर त्यांना पट्टा लावता येईना. तो मी लावून दिला.

टेक्ससची हद्द लागली. दोन्ही बाजूंना पवनचक्क्या फिरत होत्या. पेट्रोलसाठी थांबलो तेव्हा त्यांनी ते खाणं अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं आणि कागदाची नीट घडी केली. पुढे सपाट रस्ता लागल्यावर आपणहून बोलायला लागले.

"आमच्या शाळेत दरवर्षी गॅदरिंगला ऐतिहासिक नाटक बसवायचे. मला कायम खानाचा सरदार. गुरुजी म्हणायचे, हमीदला कुर्निसात शिकवायला नको. मावळा व्हावं असं मला फार वाटायचं, पण कधी मिळालं नाही. दुष्टाव्यानं नव्हे बरं का, गुरुजी चांगलेच होते. मरायला मात्र मला झकास जमायचं. पायरीवरून गडगडत खाली यायचो. सगळी शाळा टाळ्या वाजवायची."

सांगलीत आमच्याही शाळेत असंच नाटक व्हायचं. पहिल्या रांगेत बसून मीही टाळ्या वाजवल्या होत्या. पडदा पडेपर्यंत स्टेजवर निपचित पडून राहणारी ती मुलं कोण होती, हे मला आज एकाचंही आठवत नाही.

"तुमची आई यायची का बघायला?" मी विचारलं.

"यायची तर. बायकांच्या रांगेत बसायची. मी पडलो की तीसुद्धा टाळ्या वाजवायची, शेजारणींबरोबर." काका समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "घरी आल्यावर पहिल्यांदा माझा सदरा काढायची आणि दिव्याजवळ नेऊन सगळं अंग बघायची. कुठं लागलंय का म्हणून."