आमची पावडर आणि पांढरं अस्वल

मी बाळंतपणाला माहेरी निघाले तेव्हा सातपूरला माझ्या सासरी सगळे एका गोष्टीवर खूश होते, की सुनेला चांगली भाजी खायला मिळेल. नाशिकला लागूनच आमचा मळा. कोबी, फ्लॉवर, वांगी सगळी बाजारात जायची आणि विहिरीजवळचा एक लहान वाफा घरच्यासाठी असायचा. त्यावर औषध मारायचं नाही, हा वडिलांचा नियम. बाजारातल्या गिऱ्हाइकाला डाग नसलेलं वांगं लागतं, आपल्याला किडकं चालतं, असं ते म्हणत आणि म्हणताना मोठा त्याग केल्यासारखा चेहरा करत. वाफ्यात आणि बाकीच्या रानात वीतभर उंचीचा बांध होता. औषध तो बांध ओलांडत नाही, अशी आमच्या घरादाराची श्रद्धा होती.

नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत औषध म्हणजे बीएचसीची पावडर. जुन्या धोतराच्या फडक्यात ती बांधायची आणि काठीनं झटकत सऱ्यांमधून चालायचं. हे काम आईकडे होतं. संध्याकाळी ती गिरणीत दळण दळून आल्यासारखी दिसायची. उरलेली पावडर वाया कशाला घालवायची, म्हणून ती मुंग्यांना, गादीतल्या ढेकणांना आणि एकदा माझ्या डोक्यातल्या उवांनाही लावली. उवा गेल्या, हे कबूल केलं पाहिजे. पुढे सरकारनं पावडर बंद केली, तेव्हा वडील आठवडाभर सरकारला शिव्या देत होते.

माझी मुलगी दीड महिन्याची होती. ओसरीवर मी तिला पाजत होते आणि एका हातात रविवारची पुरवणी होती. बाळंतिणीनं वाचू नये, डोळे जातात, असं आईनं बजावलं होतं. म्हणून तर जास्तच वाचत होते. लेख उत्तर ध्रुवाकडच्या पांढऱ्या अस्वलांवर होता. जिथे शेत नाही, वांगं नाही, अळी नाही, तिथल्या अस्वलांच्या चरबीत आमची पावडर सापडली होती. वारा आणि पाणी तिला थंडीकडे नेतात. ती माशांत जाते, माशांना सील खातात, सीलला अस्वल खातं आणि सगळ्यांचं मिळून अस्वलाच्या अंगात साठून राहतं. मादी पिलाला पाजू लागली की दुधातून ते पिलात उतरतं.

मी वडिलांना वाचून दाखवलं.

"आपलीच हाय कशावरून?" ते म्हणाले. "अन् त्या अस्वलाला म्हणावं, एवढं खातो कशाला? माळ घाल गळ्यात."

एरवी मी हसले असते. पण जी पावडर ध्रुवापर्यंत जाते, तिला आमचा बांध किती अवघड? मी घाबरले, सरळ सांगते. मुलीला अंगावरून सोडवलं. ती किंचाळू लागली. तिला दुसरं द्यायचं काय? म्हशीचं दूध होतं, पण म्हैस आमच्याच कोबीचा पाला खायची.

दुसऱ्या दिवशी लस टोचायची होती, तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अंगावरचं अजिबात तोडू नका. थोडंफार सगळ्यांच्याच अंगात असतं. तरी आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही."

माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन मुलीला परत पाजायला घेतलं. शेजारी आई मेथी निवडत बसली होती. तिनं विचारलं, "मंग त्या अस्वलिणीचं पुढं काय झालं?" मी उरलेला लेख वाचला. आईच्या अंगातला साठा पहिल्या पिलाच्या वेळी सगळ्यात जास्त उतरतो, पुढच्यांच्या वाट्याला कमी येतो, असं त्यात होतं.

आईचा हात थांबला. "तू पयली ना गं?"

"हो की," मी म्हटलं. दुधावरची साय भावाला, इंग्रजी शाळा भावाला, मळाही भावालाच. "चला, एका गोष्टीत तरी मोठा वाटा मला मिळाला."

मी गंमत केली होती. ती हसली नाही. मेथीची जुडी बाजूला सारून म्हणाली, "त्याला वर्षातच सोडवलं व्हतं मी. तुला अडीच वर्षं पाजलं. म्हटलं, लेकीची जात, पुढं हिला कोण काय देणार हाय? निदान दूध तरी पोटभर पिऊ दे."