ठसक्याचं निमित्त

आमच्या घरात माझ्या खोकल्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. खोकला सगळ्यांना ऐकू येत होता, पण त्यामागे काहीतरी वेगळंच आहे अशी ज्याची त्याची खात्री होती. वडील ऑफिसातून आले की वळणीवरची माझी ओढणी घडी घालायच्या निमित्तानं उचलत आणि हळूच नाकाशी नेत. सिगारेटचा वास येतो का, ते बघायला. जन्मभर दुसऱ्यांची बिलं तपासलेला माणूस, पोरीचीही तपासणी तितक्याच शांतपणे करायचा. आईला वाटे टीबी. शेजारच्या काकूंना काय वाटे ते त्या सांगत नसत, आणि तेच मला जास्त झोंबे.

मी वणीत राहते आणि कोळशाच्या खाणींलगतच्या राजूरच्या एका शाळेत शिकवते. रोजचा ऑटो, पुढे कोळशाचा ट्रक, मागे कोळशाचा ट्रक. शाळेत पोचून तोंडावरचा स्कार्फ सोडला की त्याची आतली बाजूसुद्धा काळपट झालेली असते. नोकरी लागली त्या हिवाळ्यात खोकला आला. उन्हाळ्यात कमी झाला, पुढच्या हिवाळ्यात सामानसुमान घेऊन मुक्कामालाच आला. सकाळी उठल्या उठल्या आधी कफ, मग चहा.

ऑटोत माझ्यासारखे आणखीही होते. बँकेत लागलेली एक मुलगी होती, मोबाइल दुरुस्त करणारा एक पोरगा होता. सगळे विशी-पंचविशीतले, आणि सगळेच खोकणारे. पण खरं कारण कुणी सांगेल तर शपथ! एकीला ॲलर्जी, दुसऱ्यानं काल थंड खाल्लेलं. मी त्यांच्यापासून अंग चोरून बसायची आणि ते माझ्यापासून. मला वाटे, ह्या पोराला नक्की काहीतरी लागण आहे. त्यालाही माझ्याबद्दल तेच वाटत असणार, कारण मी खोकले की तो रुमाल नाकावर चढवायचा.

शेवटी थुंकी तपासली. टीबी निघाला नाही. आईचं समाधान झालं नाही ते नाहीच. "मशीन काय चुकत नसते?" म्हणाली. मग वणीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, "खरं सांग, सिगारेट?" मी इतकी चिडले की उत्तराऐवजी खोकलाच आला. त्यांनी छाती ऐकली, कुठं काम करते, कशानं जाते ते विचारलं.

"जुनाट ब्राँकायटिस वाटते," ते आईला म्हणाले. "आधी हे दुखणं चुलीसमोर जन्म गेलेल्या बायांचं, नाही तर बिड्या फुकणाऱ्या बुढ्यांचं. आता पोरीच्या वयाचेच येऊन राह्यले. पंप देतो, रोज ओढायचा. आन यवतमाळले जाऊन छातीच्या डॉक्टरकडे फुंकायची तपासणी करून घ्या. उशीर नोको. गेलेला दम वापस येत नसते."

ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. आईच्या डोक्यात मात्र दुसरंच बसलं.

"लग्न जमू दे, मग जाऊ यवतमाळले," घरी आल्यावर तिनं निकाल दिला. "तिथं आपलं कोणी पाह्यलं तर? पंपवाली पोरगी कोण करते वं?" आणि पंप तिच्या पर्समध्ये गेला. मला दम लागला की मी स्वयंपाकघरात जायचं, आईनं दार लोटायचं, खिडकीतून काकू बघत नाहीत ना याची खात्री करायची आणि मग माझ्या हातात पंप द्यायचा. घरात मी अफू खात असल्यासारखी वागणूक होती. मला आईचा राग यायचा, खूप यायचा, आणि राग आला की पुन्हा खोकला.

अशात दारव्ह्याकडचं एक स्थळ आलं. शेती होती, मुलगा घाटंजीजवळ कापसाच्या एका जिनिंगमध्ये सुपरवायझर. पाहुणे येणार त्या दिवशी आईनं जी युक्ती काढली तशी वऱ्हाडातलीच बाई काढू जाणे. पोह्यांची फोडणी तिनं मुद्दाम शेवटपर्यंत राखून ठेवली. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले की तिनं कढईत सुक्या मिरच्या सोडायच्या. मग मी खोकलेच, तर तो मिरचीचा ठसका! खोकला कुणाला येत नाही फोडणीनं?

मी बाहेर गेले. मागून चर्रर्र आवाज आला आणि पाठोपाठ मिरचीचा धूर. आईचा हात सढळ पडला होता. पाहुण्यांतले मामा खोकले, मुलाचे वडील खोकले, माझे वडील तर डोळे पुसत खोकले. मुलाची आई पदराआडून म्हणाली, "बाप्पा, लय तिखट खाता जी तुमी!" सगळे हसले. मीही पोटभर खोकून घेतलं. कित्येक दिवसांत इतकं मोकळेपणानं खोकले नव्हते.

मग वडिलांनी पंखा वाढवला, खिडक्या उघडल्या. एकेकाचा ठसका थांबला. माझा थांबला नाही. आणि मुलाचाही थांबला नाही. आम्ही दोघं आलटून पालटून खोकत राहिलो. त्याचा खोकला खोल, ओला, शेवटी शीळ घातल्यासारखा बारीक आवाज. त्यानं घाईघाईनं खिशातून ज्येष्ठमधाची काडी काढून तोंडात धरली. माझ्या गालात सकाळपासून तीच होती. त्याच्या आईनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या आईनं त्याच्याकडे. पोहे कुणाला गोड लागले नाहीत.

चार दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला. मुलीची तब्येत नाजूक दिसते, म्हणून नकार. आई उसळली. "अन् त्याचं काय? बिड्या पेत असन, नाही तर टीबी असन. वाचलो आपण!" तिला आपण काय बोललो ते कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात वर्गात कविता म्हणून दाखवत होते. दुसऱ्या कडव्यात दम संपला. पोरं तोंड उघडून वाट बघत राहिली आणि मी फळ्याला हात टेकून उभी. त्या दिवशी मला खरोखर भीती वाटली. घरी येऊन म्हटलं, "मी उद्या यवतमाळला जाते. तू ये, नाही तर नको येऊस."

आई आली, पण अट घालून. दवाखान्यात तोंडावरचा स्कार्फ काढायचा नाही.

छातीच्या डॉक्टरांकडे गर्दी होती, आणि बसलेल्यांत बहुतेक माझ्याच वयाचे. मुली स्कार्फात, पोरं रुमालात. नुसते डोळे दिसत होते, आणि ते डोळे एकमेकांना टाळत होते. पडद्याआड तपासणी चालली होती. आतला माणूस ओरडत होता, "फुंका, फुंका, अजून, सोडू नका!" आत कुणीतरी फुंकता फुंकता कोसळल्यासारखं खोकलं. खोल, ओलं, शेवटी बारीक शीळ. मी तो खोकला ओळखला.

मग शेजारी बघितलं. आईच्या लगतच्या खुर्चीवर त्याची आई, पदर नाकापर्यंत ओढलेला. दोघींनी एकमेकींना त्याच क्षणी ओळखलं.

"बीपी दाखवाले आलतो," ती म्हणाली.

"आमीबी," आई म्हणाली.

आत पुन्हा सुरू झालं. फुंका, अजून, अजून! त्याला जमत नव्हतं. प्रत्येक वेळी श्वास अर्ध्यात तुटत होता, आणि त्याची आई पदराचं टोक मुठीत पिळत होती. आईनं ते पाहिलं. "लहानच हाय वं अजून," ती पुटपुटली. कुणाला म्हणाली कोण जाणे. तेवढ्यात त्या कोंदट स्कार्फात मलाही उबळ आली आणि थांबेना.

"काढ तो स्कार्फ," आई मोठ्यानं म्हणाली.

मला वाटलं, चुकून ऐकलं. तिनं स्वतःच गाठ सोडली, पर्स उघडली आणि सगळ्यांसमोर पंप माझ्या हातात दिला. बसलेले सगळे डोळे माझ्याकडे वळले. मी ओढला. हळूहळू छाती सैल झाली.

त्याची आई पंपाकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "यानं बरं वाटते का जी? आमचा घेतच नाही. लोक पाह्यतीन म्हणते."

"पाहू द्या," आई म्हणाली.

मी चमकून वळून बघितलं. मागून दुसरंच कुणी बोललं, असा मला संशय आला होता.