आपा सांगून गेल्या होत्या

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी जळकोटलाच राहिले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सोलापुरात. शेजारी आपा होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. घरीच शिलाई मशीन चालवायच्या. दुपारी मधल्या बुटक्या भिंतीपाशी येऊन विचारायच्या, "बाई, जेवलात का?" मी म्हणायचे, "जेवले. तुम्ही?" पुष्कळदा तेवढंच माझं दिवसभराचं बोलणं.

आपल्याला कमी ऐकू येतंय, हे मला कळलंच नव्हतं. अडायचंच नाही कुठं. भाजीवाला काय विचारणार, दूधवाला काय म्हणणार, सगळं आधीच ठाऊक. समोरच्याचे ओठ हलले की शब्द ऐकू यायचे, अगदी स्पष्ट.

गेल्या उन्हाळ्यात मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा आपा भिंतीपाशी आल्या. काही बोलल्या. मी म्हणाले, "व्हय, जेवले की. पिठलं केलं होतं." त्या थांबल्या, पुन्हा काही बोलल्या. मी हसून मान हलवली. त्या आत निघून गेल्या.

मग त्या दिसेनात. दाराला कुलूप. शेवटी किराणा दुकानात चौकशी केली. दुकानदारानं दोनदा सांगितलं, तेव्हा कुठं समजलं. "आपा लेकाकडं गेल्या सोलापूरला, कायमच्या. बाईंना सांगून आले म्हणत होत्या."

घरी येऊन बसून राहिले. ती दुपार आठवायचा लई प्रयत्न केला. पण आठवणीतसुद्धा आपांच्या तोंडून तेच रोजचं ऐकू येत होतं.

मुलीनं कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी तोंडासमोर कागद धरून साधे शब्द म्हटले. बरेचसे मी चुकले. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही ऐकत नव्हता, अंदाज करत होता."

कानाला यंत्र बसवल्यावर मी आपांकडं गेले. त्यांनी खुर्ची दिली, पण लांब बसल्या.

"उद्या जातेय म्हटलं, बाई. रडू आलं होतं मला. तुम्ही पिठल्याचं सांगत बसलात."

"मला ऐकूच आलं न्हाय, आपा."

"अन् डोळं? रडताना दिसले न्हाय मी?"

मी तुमच्याकडं बघत होते, पण रोजच्याच आपा दिसल्या, असं सांगितलं.  मग त्या उठून माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि यंत्र कसं घालायचं ते विचारू लागल्या. निघताना सुनेला म्हणाल्या, "बाईंना एष्टीत बसवून दे."

आता आपांच्या घरात भाडेकरू आहेत, नवरा-बायको. सकाळीच कामावर जातात, अंधार पडल्यावर येतात. यंत्रातून हायवेवरचे ट्रक, टाकीत पडणारं पाणी, सगळं ऐकू येतं. दुपारी मी ते काढून डबीत ठेवते. तेवढीच बॅटरी वाचते.