कुमुशकडे गेलेला सलाम

उझबेकिस्तानातल्या मर्गिलानच्या रंगरेज मोहल्ल्यात एका वसंतात अशी कुजबुज होती की होशिमअकानं सख्ख्या बहिणीचा सलाम चोरला आणि शेजारच्या कुमुशला देऊन टाकला. कुजबुजणाऱ्या बायका मग आवाज आणखी खाली आणत आणि म्हणत, "अगं, त्याच्या आईनं आधी कुमुशलाच मागणी घातली होती ना! जुनं दुखणं असं बरं होतं होय?" कुमुश तेव्हा पाच नातवंडांची आजी होती. तिच्या कानावर हे आलं की ती "तोबा, तोबा!" म्हणे आणि सांगणारीला आग्रहानं बसवून घेई, पुढचंही ऐकता यावं म्हणून.

होशिमअका म्हणजे उत्साहानं उतू जाणारा माणूस. धंदा रेशमाचं सूत रंगवण्याचा. कोपरापर्यंत हात कधी निळे, कधी डाळिंबी. नवी वस्तू दिसली की याच्या पायाला भिंगरी लागलीच. मोहल्ल्यातलं कपडे धुण्याचं पहिलं यंत्र यानंच आणलं, आणि आणल्या दिवशी त्यात रंगवलेलं सूत धुतलं. त्यानंतर वर्षभर त्या घरातले पांढरे कपडे गुलाबी होते, आणि त्याची बायको मुअत्तर मशिदीवरून जाताना मान खाली घालून जाई.

मुलगा फर्रुख कोरियात कारखान्यात होता. त्यानं गाववाल्याच्या हाती बापासाठी व्हिडिओ कॅमेरा धाडला. आगपेटीएवढ्या टेपवर चालणारा, तळहातात मावणारा. सगळी बटणं आणि सगळा मेनू कोरियनमध्ये. दुसरा कुणी असता तर विचारून घेतलं असतं. होशिमअका म्हणाला, "विचारायचंय काय? दाबलं की कळतं." आणि दाबत सुटला.

त्याच सुमारास त्याच्या थोरल्या बहिणीच्या, सनोबरच्या मुलाचं लग्न निघालं. मामाच्या हाती कॅमेरा आहे म्हटल्यावर बाहेरचा व्हिडिओवाला कशाला? होशिमअकानं लग्नात पुलावाचा घास घेतला नाही. भिंतीवर चढला, जर्दाळूच्या झाडावर चढला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेच्या सलामाला तर सगळ्यांच्या पुढे जाऊन गुडघ्यावर बसला.

सलाम लग्नांत गाणाऱ्या हनीफा यल्लाचीनं म्हटला. डफ घेऊन एकेका वडीलधाऱ्याचं नाव घ्यायचं, त्याच्यावर चिमटा काढणारी एक ओळ जोडायची, डफावर थाप द्यायची, आणि त्या थापेला बुरख्याआडच्या सुनेनं कमरेतून वाकायचं. हनीफाची खोड अशी की सासूचं नाव ती शेवटी ठेवी. "गोड शेवटी," म्हणे. तोवर सासू ताटकळून रडवेली होई. सनोबरही झाली. नाव येताच तिनं रुमाल डोळ्यांना लावला, पोरांनी वरून मिठाई उधळली, एकच गलका झाला आणि सून आत गेली.

इथवर सगळं झकास. मग होशिमअका कॅमेरा घेऊन संगणकासमोर बसला.

संगणक फरगान्याहून वापरलेला आणलेला, पाहुण्यांच्या खोलीत मुअत्तरच्या रुखवतातल्या भरतकामाच्या चादरीखाली झाकलेला. पहिल्या दिवशी तो कॅमेऱ्याला ओळखच देईना. होशिमअकानं वायर फुंकली, फिरवली, तिला नावं ठेवली. मग कळलं, वायर भलत्याच भोकात होती. ओळख पटली तर आवाज येई आणि पडदा काळा. बाजारातला सीडीवाला म्हणाला, "अका, तुमच्याकडे कोडेक नाही. चित्र उलगडायची किल्ली असते ती." किल्ल्यांनी भरलेली अख्खी सीडी होशिमअकानं संगणकात ओतली. चित्र आलं, पण नवरदेव हिरवा. अर्ध्या किल्ल्या काढल्या. नवरदेव माणसात आला, तर चालताना त्याच्या अंगावर कंगव्यासारखे दाते उठू लागले.

"तुमच्या भाच्याला कोणी किसलंय का, फर्रुखचे बाबा?" मुअत्तरनं दारातूनच विचारलं.

"हसू नकोस! ओळी एकाआड एक येतात म्हणून ते. हे बघ, इथे खूण केली, गेल्या!" आणि खरंच गेल्या. होशिमअका खुर्चीतून असा उडाला की चहा थेट की-बोर्डवर. तसेही त्याच्या बोटांनी अर्धी बटणं निळी झालीच होती.

मग संगणक म्हणाला, जागा संपली. त्यानं फर्रुखचे सगळे खेळ पुसले. वीज गेली, केलेलं गेलं, पुन्हा केलं. हृदयं उडवली, कबुतरं सोडली, पाहुणे गुलाबाच्या पाकळीतून बाहेर काढले. सनोबर पडद्यावर आली की चहूबाजूंनी कारंजी. लग्न एकदाचं संगणकात शिरलं तशी त्यानं तीच टेप कॅमेऱ्यात घालून नवरोजच्या कुस्त्या टिपल्या. लग्न तर आत पोचलं, टेप रिकामी कशाला ठेवायची?

सनोबरच्या घरी मोहल्ल्यातल्या बायका जमल्या. दस्तरखानावर नान, बेदाणे, खरबुजाच्या वाळवलेल्या वेण्या. होशिमअका लग्नाची सीडी लावून रंगीत बोटांनी रिमोट धरून उभा. कबुतरं उडाली, वाहवा झाली. सलाम सुरू झाला, पहिली नावं छान गेली. मग काहीतरी बिनसलं. मुअत्तरचं नाव आलं तेव्हा सून बुरखा सारखा करत होती. कुमुशचं नाव आलं, आणि सून अशी वाकली, अशी वाकली की कपाळ गुडघ्याला टेकेल. आणि शेवटी डफ घुमला, हनीफानं सनोबरचं नाव घेतलं, आणि पडद्यावरची सून पाठ फिरवून घरात चालती झाली. चारी बाजूंनी कारंजी उडत राहिली.



"मला तेव्हाच वाटलं होतं," एक जण म्हणाली. ती त्या दिवशी दोन हातांच्या अंतरावर उभी होती आणि तिनं सलाम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. "मलाही," दुसरी म्हणाली. पाहता पाहता सगळ्यांनाच तेव्हाच वाटलेलं निघालं. सनोबरनं काहीच पाहिलेलं नव्हतं. तिच्या डोळ्यांवर रुमाल होता.

"आई, मी वाकले होते," दिलनवाझ म्हणजे ती नवी सून, चहाचा पेला पुढे करत हळूच म्हणाली.

सनोबरनं पेला घेतला नाही. "दमली असशील, पोरी. इतक्या जणांना वाकून."

त्या दिवसापासून सनोबर सुनेच्या हातचा चहा पिईना. दिलनवाझ पहाटे अंगण झाडायची, सडा घालायची, चहा ओतायची, आणि तो पेला तसाच निवायचा. त्यातून व्याह्यांकडचं बोलावणं आलेलं, येत्या रविवारी मुलीसह माहेरी जेवायला या म्हणून. सनोबर म्हणाली, "माझं काय काम तिथे? कुमुशला न्या." सासू गेली नाही तर त्या पोरीचं माहेरही गेलं आणि सासरही, हे कळायला रंगरेज मोहल्ल्यात राहायची गरज नव्हती.

आणि बोटं वळली होशिमअकाकडे. कॅमेरा त्याचा, संगणक त्याचा, कुमुशही (बायकांच्या मते) थोडीशी त्याचीच.

"अख्ख्या मोहल्ल्यात कमरेतून वाकवायला तुम्हाला तीच सापडली?" मुअत्तर म्हणाली. "आणि माझ्या वेळी बुरखा सारखा करायला लावलात."

"अगं, मी लावलं? मी?"

"मग काय कबुतरांनी लावलं?"

होशिमअकानं बहिणीचे पाय धरले, शपथा घेतल्या. टेप लावून दाखवावी, तर टेपवर दोन पैलवान एकमेकांचा कमरपट्टा ओढत होते. तो फिल्म पुन्हा पुन्हा पाहत बसला. सून कुमुशलाच वाकत होती. शेवटी त्याला स्वतःलाच शंका येऊ लागली, वाकली नसेल का खरंच?

अशात हनीफा यल्लाची दार ढकलून आत आली. ती सलामाची चौकशी करायला आली नव्हती. ती भांडायला आली होती.

"होशिम, तुझं काय घोडं मारलंय मी? चाळीस घरांत ती सीडी फिरतेय. माझ्या डफाची बेअब्रू केलीस!"

"डफाची? हनीफाआपा, इथे सलामाचं..."

"सलाम गेला खड्ड्यात! हे बघ. लाव ती." होशिमअकानं लावली. "बघ माझा हात. खाली आला? आला. वाजलं? नाही! आता हात वर आहे, आणि आता वाजतंय! लोक म्हणतील, म्हातारी झाली, हनीफाचे हात चुकायला लागले!"

होशिमअका बघतच राहिला. अख्ख्या मोहल्ल्यानं ती फिल्म पाहिली होती, पण प्रत्येकीनं आपल्यापुरती. सनोबरनं आपला सलाम, कुमुशनं आपला, मुअत्तरनं कुमुशचा. हनीफाचा हात एकट्या हनीफानं पाहिला होता.

"आपा! आपा, बस! इथे बस!" त्यानं फिल्म पार सुरुवातीला नेली. पहिलं नाव. हात खाली, थाप. एकदम बरोबर. चौथं नाव. हात खाली, मग थाप, किंचित उशिरानं. मधलं नाव. हात खाली... थाप. शेवटी तर हात एका नावाला आणि थाप दुसऱ्याच! "घसरतोय! आवाज घसरतोय, मुअत्तर! चित्र पुढे चाललंय आणि आवाज मागून लंगडत येतोय!" त्यानं हनीफाच्या कपाळाचा मुका घेतला आणि तिच्या कपाळावर निळा अंगठा उमटवला.

लगेच कोरियाला फोन. "फर्रुख, आवाज मागे का पडतो रे?"

"बाबा, कॅमेऱ्याच्या मेनूत आवाजाचं काही बदललंत का?"

"मला काय कळतंय त्यातलं! सगळंच बदललंय."

"काय लिहिलंय ते सांगा. अक्षरं कशी दिसतात?"

होशिमअकानं डोळे बारीक केले. "तिवईवर चेंडू ठेवलाय. मग एक उघडं खुराडं, शेजारी काठी. मग पुन्हा तिवईवर चेंडू."

"हेच! हेच आवाजाचं! खाली आकडे आहेत?"

"बारा आणि सोळा. मी बारा ठेवलंय."

"बारा का?"

"बारात टेप कमी लागेल म्हणून."

मग फर्रुख हसू दाबत म्हणाला, "बाबा, त्याचा टेपशी काही संबंध नाही. आवाज एका मापानं भरलात, आणि संगणक दुसऱ्या मापानं मोजतोय. दर मिनिटाला थोडा थोडा चुकतो. तासाभरात केवढा होईल!"

टेप नव्हती, म्हणजे पुन्हा नव्यानं भरून घ्यायची सोय नव्हती. हातानंच जुळवायचं होतं. हनीफा खुर्चीशेजारी गादीवर बसली, होशिमअकानं आवाजाची पट्टी प्रत्येक नावाशी कापली, आणि दोघं एकेक थाप ओढून तिच्या हाताखाली आणू लागले.

"थांब! हात आला खाली. आता दे."

"दिली."

"फार लवकर दिलीस. मी काय घाईघाईनं वाजवते?"

"आता?"

"आता कसं! वा! ही माझी थाप!" प्रत्येक थापेला हनीफा नव्यानं लग्नात असल्यासारखी डुलायची. मुअत्तर चहावर चहा आणत होती, आणि तिच्या नावाची थाप जागेवर बसली, सून तिला चक्क वाकली, तेव्हा तिनं किटली तिथेच ठेवली. "फर्रुखचे बाबा, पुन्हा एकदा लावा हो," ती म्हणाली. होशिमअकानं सगळी हृदयं, कबुतरं आणि कारंजी काढून टाकली. आता कुणाच्या मनात शंकेला जागा नको.

शनिवारी बायका पुन्हा जमल्या. या खेपेला खाण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सलाम सुरू झाला. कुमुशचं नाव आलं, सून रीतसर, बेताची वाकली.

"एवढुसाच?" कुमुशच्या तोंडून गेलं.

सनोबरचं नाव आलं. डफ घुमला, आणि तोच तो सलाम, गुडघ्याला कपाळ टेकणारा, आता सनोबरच्या नावावर बरोबर येऊन बसला.

"ओढून आणलाय," मागून कोणीतरी म्हणालं. "संगणकावर काय हवं ते होतं. उद्या माझं दुसरं लग्नही लावून देईल हा."

हशा झाला. होशिमअकाचं तोंड उतरलं. दिलनवाझ चहाच्या किटलीपाशी मान खाली घालून उभी. तेवढ्यात सनोबर म्हणाली,

"थांब. मागे घे. ती कोपऱ्यात कोण आहे? रुमालवाली?"

"तू आहेस, आपा."

"मी रडतेय."

"रडतेयस."

"आता ती पहिली सीडी लाव."

त्यानं लावली. कारंजी उडाली, हनीफानं कुमुशचं नाव घेतलं, सून खोल वाकली, आणि कोपऱ्यात सनोबर रुमाल डोळ्यांना लावून रडू लागली.

सनोबर उठून पडद्याजवळ गेली. "मी," ती म्हणाली, "मी कुमुशच्या नावाला रडेन? जन्मात? एवढी वर्षं भिंतीला भिंत लागून राहतेय, माझ्या डोळ्यांतून हिच्यासाठी एक थेंब आला नाही!"

"माझ्याही नाही!" कुमुश ठसक्यात म्हणाली.

"ऐकलंत? माझ्या नावालाच रडले मी. म्हणजे वाकणंही माझंच." आणि सनोबर खाली बसली, हात पुढे केला. "दिलनवाझ, चहा ओत, बाळा."

पोरीनं घाईत इतका ओतला की पेला काठोकाठ भरला, पाहुण्यानं आता निघावं म्हणून भरतात तसा. सनोबरनं तो अख्खा पेला एका दमात संपवला, जीभ भाजली तरी, आणि म्हणाली, "आणखी दे. आणि उद्याच्या नानचं पीठ भिजव. व्याह्यांकडे हात हलवत जायचं नाही."

होशिमअका आनंदानं असा उडाला की रिमोट खरबुजाच्या ताटात पडला. दुसऱ्या दिवशी व्याह्यांकडे कॅमेरा न्यायचा त्यानं विषय काढला, तेव्हा बहीण आणि बायको एका सुरात "नाही" म्हणाल्या. बाकी कशावर त्या दोघींचं एकमत कधी झालेलं ऐकिवात नाही.

जुन्या सीड्या होशिमअकानं घरोघर फिरून परत घेतल्या. कुमुशनं आपली दिली नाही. हरवली, म्हणे. तिच्याकडे परगावचे पाहुणे आले की ती सापडते.

कुजबुजीतलं खरं असं: होशिमनं कुमुशला काही दिलं नव्हतं. कॅमेऱ्यात आवाजासाठी सोळाऐवजी बारा ठेवलं होतं. त्यामुळे सासूच्या नावापर्यंत येताना आवाज चित्राच्या एक सलाम मागे पडला होता.