मोहनजींचा पाय आणि बाबांचा काटा

मिरज स्टेशनच्या पार्सल ऑफिसात बाबा कारकुनाशी भांडत होते आणि माझी गाडी फलाटाला लागलेली होती. माझ्या संसाराची ट्रंक तिथल्या काट्यावर पंचवीस किलो भरली होती. घरी बाबांनी ती आपल्या स्प्रिंगच्या काट्याला टांगून पाहिली, तेव्हा तेवीस होती. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून उभी हयात घालवलेल्या माणसाला हे दोन किलो सहन होईनात. तो काटा ते पुरावा म्हणून सोबत घेऊन आले होते आणि कारकुनाच्या नाकासमोर नाचवत होते. आईने माझ्या हातात दशम्यांचा डबा कोंबला. या गोंधळात तिला धड रडताही आलं नाही. गाडी हलली तेव्हा बाबांनी तो काटा खिडकीतून माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाले, "तिकडे असू दे तुझ्याजवळ."

त्याला अकरा वर्षं झाली. नवऱ्याची बँकेतली बदली दोन-तीन वर्षांची असेल म्हणून इकडे उत्तरेत आलो आणि मुरलीपुऱ्यात राहूनच गेलो. काटा स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकला. माझी लेक रेवा "ऑटोवाल्या भैयाने आज मतलब लवकरच सोडलं" असं मराठी बोलते आणि तुम्ही मिरजकर फोनवर खो खो हसता. हसा. मी स्वतः भाजीवाल्याशी हिंदीत भांडते आणि घरी आल्यावर मराठीत चिडते.

मला काम मिळालं ते कृत्रिम पाय बसवलेल्या लोकांची चाल तपासणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत. माणसाच्या अंगावर खुणेच्या टिकल्या चिकटवायच्या, कॅमेऱ्यांनी त्याचं चालणं टिपायचं आणि संगणकात त्याच्यासारखाच एक माणूस उभा करायचा. त्याला आम्ही मॉडेल म्हणतो. नुसत्या हालचालीवरून कुठल्या पायावर किती भार पडतो, ते मॉडेल सांगतं. ते खरं सांगतंय का हे बघायला जमिनीत दोन प्लेट बसवल्या आहेत. त्यांच्यावर पाय पडला की खरा भार कळतो. दर सोमवारी मी प्रमाणित वजनं ठेवून त्या प्लेट तपासते. बाबांची मुलगी आहे, दुसरं काय करणार?

मोहनजी जवळच्याच सांगानेरचे कापडछपाई कामगार. अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. कृत्रिम पाय बसला, चालू लागले, पण त्यांना कामावर परतायचं होतं. लांबलचक मेजाशी दिवसभर उभं राहायचं, लाकडी ठसा कापडावर ठेवायचा, वरून मूठ हाणायची आणि एक पाऊल बाजूला सरकायचं. कारखान्याच्या मालकाने त्यांची जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. उजवा गुडघा एवढं सोसेल का, हे आमच्या मॉडेलवरून ठरायचं होतं. आमच्याकडे ते सहा वेळा चालून गेले. मॉडेल आणि प्लेट, दोन्हींच्या रेघा एकमेकींवर अशा बसल्या की मी खूश झाले. भार दोन्ही पायांवर जवळपास सारखा. मी अहवालावर सही केली. शुक्रवारी आमचे प्रमुख, म्हणजे सर, त्यांना कामावर जाण्याचं पत्र देणार होते.

बुधवारी दुपारी मी बाहेरच्या टपरीवर चहा घ्यायला गेले. मोहनजी तिथे उभे होते. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. सगळं अंग उजव्या पायावर टाकलेलं, डावा पाय नुसता टेकवलेला. बसकडे निघाले तेही तसेच, एका बाजूला कलत. आमच्याकडे चालणारा माणूस हा नव्हता.

बाबा दुकानदारांना दरडावायचे ते एक वाक्य आठवलं: "ज्या काट्याची तपासणी, त्याच काट्याची साक्ष चालायची नाही." मी काय केलं होतं? ज्या सहा चाली वापरून मॉडेल जुळवलं, त्याच सहा चालींवर ते तपासलं होतं. रेघा जुळणारच होत्या. इतकी वर्षं प्लेट तपासणाऱ्या मला हे कळू नये, याची इतकी लाज वाटली की चहा तसाच ठेवून परत आले.

गुरुवारी मोहनजींना बोलावलं. प्लेटच्या कडेला मेज लावून त्यावर गोणपाट आणि चादरी पसरल्या. त्यांनी पिशवीतून आपला ठसा काढला आणि कोऱ्या कापडावर, रंगाशिवाय, मूठ हाणायला सुरुवात केली. धप्. सरक. धप्. मॉडेल म्हणत होतं, दोन्ही पायांवर निम्मा निम्मा भार. प्लेट म्हणत होती, जवळजवळ सगळा उजव्यावर. प्लेटच बिघडलेली असू दे, अशी मी मनातल्या मनात विनवणी करत होते. वजनं आणून ठेवली. प्लेट बरोबर होती.

चहाच्या टपरीवर तुम्ही वेगळे का चालत होता, मी त्यांना विचारलं. त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं.

"मैडमजी, आपने ही तो कहा था, अच्छे से चलो."

खरंच म्हटलं होतं. डॉक्टरांसमोर आपल्याकडे माणूस शहाण्यासारखा चालतो, आणि आम्ही त्या शहाण्या चालीवरून त्याचं मॉडेल बनवलं होतं.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पत्र मिळालं असतं, मोहनजी खूश झाले असते, माझी नोकरी शाबूत राहिली असती. आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांचा उरलेला गुडघा गेला असता. मी सरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, चूक माझी आहे. त्यांनी अहवाल माझ्यासमोर सरकवला. सही तुमची आहे, खोडायची तर तुम्हीच खोडा, एवढंच बोलले. मी तिथेच उभ्याने खोडली.

मोहनजींना सांगणं त्याहून जड गेलं. त्यांनी ठसा फडक्यात गुंडाळला आणि विचारलं, "तो अब कब?" ते सांगानेरची बस धरायला निघून गेले.

सात आठवडे गेले. त्यांचा कृत्रिम पाय पुन्हा बसवला. या वेळी काही दिवसांच्या छपाईवरून मॉडेल जुळवलं आणि वेगळ्याच दिवसांच्या छपाईवर तपासलं. पत्र मिळालं, पण तोवर ती जागा गेली होती. आता ते दुसऱ्या कारखान्यात अर्धा दिवस उभ्याने ठसे मारतात आणि अर्धा दिवस बसून रंग कालवतात. तपासणीला येतात तेव्हा राम-राम करतात. त्यापुढे फार बोलत नाहीत. मला ते लागतं, आणि लागायलाच हवं.

त्या दिवसांत मी दिसेल ते तपासत सुटले होते. एका सोमवारी खिळ्यावरचा बाबांचा काटा कामावर नेला आणि त्याला पंचवीस किलोचं प्रमाणित वजन टांगलं. सुई तेविसावर थांबली. पुन्हा टांगलं. पुन्हा तेवीस.

घरी आल्यावर रेवाने विचारलं, "मतलब आजोबांचा काटा पण चुकला?" तिच्यासमोरच मी मिरजेला फोन लावला. आधी मोहनजींचं सांगितलं, मग काट्याचं. बाबा म्हणाले, "हा मी कधी तपासलाच नाही. घरचा होता ना."

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. बाबा सकाळीच काठी टेकत पार्सल ऑफिसात जाऊन आले होते. तो कारकून केव्हाच निवृत्त झालेला, तर खिडकीशी जो बसला होता त्याचीच माफी मागून आले. तो बिचारा गोंधळून गेला म्हणे.

आपलं घर कुठलं, असं रेवा अधूनमधून विचारते, आणि मुरलीपुरा म्हणावं की मिरज, मला ठरवता येत नव्हतं. आता तिला सांगते, चूक कबूल करायला पार्सल ऑफिसच्या खिडकीशी काठी टेकून उभा राहिलेला तो म्हातारा आहे ना, ते आपलं घर.