दोन बोटांची फट

वजन असलेली एकही वस्तू माझ्या साडूंनी उचलून पाहायची बाकी ठेवलेली नाही. बारशाला गेले की पाळण्यातलं पोर आधी तळहातावर तोलणार आणि मगच नाव विचारणार. पाहुण्याची बॅग उचलून "मुक्काम लांबणार दिसतोय" असं त्याच्या तोंडावर सांगणार. दुसरा नाद फटींचा. दार आणि चौकट, गादी आणि पलंग, जिथं फट दिसेल तिथं बोट घालून पाहायचं. भाचीला बघायला आलेल्या मुलाच्या मोटरसायकलचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये त्यांनी सगळ्यांदेखत बोटं घातली आणि "इथं माती अडकंल, पोरगं विचार करणारं नाय" असा निकाल दिला. लग्न ठरलं, पण नवरदेव मांडवात यांच्यापासून लांब लांबच होता.

सायकलचा विषय निघाला की दोन्ही नाद एकत्र उधाणायचे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी मुकुंदवाडीहून फुलंब्रीला, आपल्या गावाकडं, लोखंडी सायकलवर जाऊन यायचा त्यांचा नेम होता. रोड बाइक घेणारा कुणीही भेटला की त्याला धरून सांगायचे, "दोनच गोष्टी बघा. वजन किती, अन् टायरच्या भवती जागा किती. आपली काळी माती लई चिवट असती. दोन बोटं गेली नाय, तर ती सायकल भिंतीला टांगायच्या लायकीची." आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी त्यांची बोटं घालून पाहिल्याशिवाय सायकल घेतली नाही.

मग त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरांनी लोखंडी सायकल बंद करायला सांगितली आणि हलकी रोड बाइक घ्यायला मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो. दुकानदारानं एक झकास सायकल पुढं केली. साडूंनी दांडीखाली एक बोट घालून ती अलगद उचलली. टायरच्या फटीत दोन बोटं घातली, ती आरामात गेली. मी मनात म्हटलं, सुटलो. पण त्यांनी ती खाली ठेवली आणि शेजारची तितकीच हलकी सायकल धरली. तिच्या टायरच्या फटीत नखही जात नव्हतं.

"ही द्या."

"चचा, ये चिकने रोड की है," दुकानदार म्हणाला. "काली मट्टी में दो कदम नै चलती. चाक जाम हो जाता."

"व्हय, म्हणूनच," साडू म्हणाले.

बाहेर चहाच्या टपरीवर मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. जन्मभर लोकांना शहाणपण शिकवलंत आणि स्वतःसाठी हे घेतलंत? त्यांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"माझा धाकटा भाऊ कॉलेजात असताना काविळीनं गेला, तुम्हाला ठाऊक हाय," ते म्हणाले. "तवा आम्ही दोघं एकाच सायकलवर फुलंब्रीहून यायचो. तो पुढं, दांडीवर. पावसाळ्यात चाकात माती गच्च बसायची. चाक अडलं की तो उतरायचा, बाभळीच्या काडीनं माती उकरायचा, अन् म्हणायचा, 'दादा, बसलो, हाण.' आता येताना हर्सूलच्या तलावापाशी माझं चाक अडतं. दर रविवारी. मी उतरून तोंड फिरवतो. जरा वेळानं चाक सुटतं, अन् तिथनं घरापर्यंत सायकल जड लागती." मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "चाक अडलंच नाय, तर तो बसंल कुठं?"

मी ते हसण्यावारी नेलं. पण पुढच्या रविवारी माझी सायकल काढून त्यांच्याबरोबर गेलो. वैशाखातलं ऊन, डांबरावर उडणारी धूळ. परतताना तलावाजवळ त्यांचं चाक खट्कन थांबलं. फटीत काळा चिखल होता, ओला. साडू उतरले, पाण्याकडं तोंड करून उभे राहिले, आणि मलाही त्यांनी खुणेनं तसंच उभं केलं. मागं काहीतरी खरवडल्याचा आवाज येत होता. आवाज थांबल्यावर मी वळलो. चाक स्वच्छ होतं आणि रस्त्यावर एक काडी पडली होती, टोकाला चिखल लागलेली. मी दांडीखाली बोट घातलं, मग हात घातला, मग दोन्ही हात. सायकल जमिनीवरून हलली नाही. साडू मात्र खुशीत बसले आणि हात फाकवून, मान जराशी वाकडी करून निघाले, पुढच्याच्या डोक्याआडून रस्ता बघावा तसे.

यंदा गुडघ्यांनी पुरताच संप केला. साडूंनी सायकल माझ्या हवाली केली आणि एवढंच म्हणाले, "रविवारची फेरी चुकवू नका." मला भीती वाटत होती, आणि त्यांना नाही म्हणायची त्याहून जास्त वाटत होती. मी जायला लागलो. चाक कधी अडलं नाही. मी परतलो की ते काठी टेकत दारात यायचे, दांडीखाली बोट घालून सायकल उचलायचे, "हलकी हाय," म्हणून आत जायचे. त्या दोन शब्दांनी माझं काळीज तुटायचं. माझ्या बायकोची थोरली बहीण म्हणाली, "ते रविवारी जेवत नाहीत हो आता."

परवा तलावापाशी मी आपणहून उतरलो. पाण्याकडं तोंड करून, कुणी ऐकत नाही ना हे बघून म्हणालो, "तुमच्या दादांचे गुडघे गेलेत. ते मुकुंदवाडीला वाट बघतायत. मी त्यांचा साडू, सावकाश नेतो." मागं काही वाजलं नाही. पण घरापर्यंत सपाट रस्त्यावर मला धाप लागली, आणि पुढचं नीट दिसावं म्हणून मी मान वाकडी करत होतो हे दारात पोचल्यावर लक्षात आलं.

साडूंनी दांडीखाली बोट घातलं. मग हात घातला. मग काठी बाजूला ठेवून ओट्यावर बसले आणि आत हाक मारली, "अगं, पाणी आण. दोन पेले."

एक मी प्यालो. दुसरा त्यांनी ओट्यावर आपल्या शेजारी ठेवला आणि थोडं सरकून जागा केली.